वाचक विचारतात : ‘मोदक’ फॉन्ट आणि त्याच्या फटी

गणपतीचा बॅनर, बारशाची पत्रिका, वाढदिवसाचा टी-शर्ट, चिवड्याचं पाकीट. गुबगुबीत, गोलमटोल देवनागरी अक्षर हवं असलं की आजकाल हात ‘मोदक’ या फॉन्टकडे जातो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा हा फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला, नूपुर दात्ये यांच्या साहाय्याने. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या आहेत, जाडी एकच आहे आणि गूगल फॉन्ट्सवरून तो फुकट उतरवून घेता येतो. वाफेवर फुगलेल्या मोदकासारखी यातली अक्षरं फुगलेली आहेत. एरवी अक्षराच्या पोटात जिथे मोकळी जागा असते, तिथे इथे फक्त एक बारीक फट उरते. यंदा आलेली बहुतेक पत्रं फिरून फिरून या फटीपाशीच येतात.

प्रश्न : पडद्यावर अक्षर छान दिसतं, पण फ्लेक्स छापून आला की ‘मोदक’मधल्या ओळींचा नुसता चिखल झालेला असतो. वरचं मंडळाचं नाव ठीक येतं, खालचा पत्ता आणि कार्यक्रम वाचता येत नाही. अक्षर किती मोठं ठेवावं? (फ्लेक्स व्यावसायिक, चिपळूण)

उत्तर : पत्ता आणि कार्यक्रम ‘मोदक’मध्ये घेऊच नका, हे आधी. हा फॉन्ट दोन-तीन शब्दांचा आहे, फार तर एका ओळीचा. बाकीच्या मजकुराला ‘मुक्त’सारखा साधा फॉन्ट घ्या. तोही एक टाइपचाच आहे, सात जाड्यांत मिळतो आणि ‘मोदक’शेजारी परका वाटत नाही.

आता मोठ्या ओळीचा हिशेब. पॉइंटमध्ये विचार करू नका, फट मोजा. कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये तुमचा शब्द १०० मिमी उंचीचा करा (शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत, मात्रा-उकार सोडून), कर्व्ह करा (म्हणजे अक्षराचा नुसता आकार उरतो) आणि त्यातली सगळ्यांत अरुंद फट मापून घ्या. शब्द बदलला की ती बदलते. ‘मोरया’तली फट आणि ‘क्षेत्रपाल’मधली फट सारखी नसते, कारण जोडाक्षरात तेवढ्याच जागेत जास्त रेघा बसवाव्या लागतात. समजा ती १.५ मिमी निघाली. अक्षर दुप्पट केलं तर ती ३ मिमी होईल, निम्मं केलं तर ०.७५ मिमी.

किती फट पुरते, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे किती लांबून वाचायचं आहे. चांगल्या नजरेला एका अंशाचा साठावा भाग वेगळा दिसू शकतो. १० मीटरवरून हा कोन सुमारे ३ मिमीचा होतो, २० मीटरवरून ६ मिमीचा. ही झाली अगदी शेवटची मर्यादा, तीही स्वच्छ उजेडात उभं राहून पाहणाऱ्याची. चालत्या गाडीतून किंवा संध्याकाळी वाचणाऱ्यासाठी दुप्पट धरा. रस्त्यापलीकडून, म्हणजे साधारण १५ मीटरवरून वाचायच्या बॅनरला अरुंदातली अरुंद फट ९ मिमी हवी. वरच्या उदाहरणात त्यासाठी अक्षर ६०० मिमी उंच करावं लागेल, म्हणजे जवळपास दोन फूट. १० बाय ४ फुटांच्या फ्लेक्सवर दोन फुटी अक्षरांत ‘मोरया’ बसेल, मंडळाचं लांबलचक नाव बसणार नाही. बॅनरवर ‘मोदक’मध्ये काय घ्यायचं, याचा निर्णय इथेच होऊन जातो.

दुसरी गोष्ट फाइलची. बरीच दुकानं प्रत्यक्ष आकाराची ७२ डीपीआयची (इंचाला ७२ ठिपके) जेपीजी मागतात. ७२ डीपीआयला एक ठिपका ०.३५ मिमीचा होतो. म्हणजे १ मिमीची फट तीन ठिपक्यांहूनही कमी. त्यात जेपीजी दाबताना कडांभोवती जी धूळ उठते ती नेमकी या फटीत जाऊन बसते. जाड कडांच्या साध्या फॉन्टला हे चालून जातं, ‘मोदक’ला नाही. अक्षरं कर्व्ह करून पीडीएफमध्ये द्या आणि फोटो तेवढे वेगळे राहू द्या. दुकानदार जेपीजीवरच अडून बसला तर निदान १५० डीपीआय आणि सर्वांत वरची क्वालिटी ठेवा.

प्रश्न : जुन्या पत्रिकेचा मजकूर कॉपी करून त्याला ‘मोदक’ फॉन्ट लावला, तर मराठी जाऊन जाड जाड इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्ट खराब उतरला आहे का? (डीटीपी ऑपरेटर, सांगली)

उत्तर : फॉन्ट चांगला आहे, मजकूर जुना आहे. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराच्या मागे खरं तर रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा सांकेतिक क्रमांक असतो. फॉन्ट त्या क्रमांकावर ‘क’चं चित्र दाखवतो, एवढंच. ‘मोदक’ युनिकोड आहे, म्हणजे त्यात मराठी अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे, आणि त्यात रोमन अक्षरंही आहेत. त्यामुळे तुम्ही फॉन्ट बदलताच मागचं रोमन उघडं पडतं, तेही चांगलं गुटगुटीत होऊन.

आधी मजकूर परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणा. तुमचा जुना फॉन्ट नेमका कोणता, ते परिवर्तकात अचूक निवडा. एकाच घरातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. परिवर्तनानंतर या जागा डोळ्यांनी तपासा :

‘ो’च्या जागी ‘ा’ आणि ‘े’ असे दोन तुकडे येतात. साध्या फॉन्टात हे कधी कधी खपून जातं, पण अनेक ठिकाणी तुटक वर्तुळ उमटतं. शोधा-बदला वापरून सगळे एकदम दुरुस्त करा. ‘आ’ हा ‘अ’ आणि काना असा जोडून आलेला असतो. दिसायला बरोबर, आतून चूक. रफार एक अक्षर पुढे किंवा मागे सरकलेला असतो. आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला ऱ्य हमखास ‘र्य’ होऊन बसतो. मग बॅनरवर ‘दुसर्या दिवशी’ असं छापलं जातं आणि सगळं गाव ते वाचतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो. त्यापुढे हलन्त आणि य टाइप करा. ‘ॲ’ हे अक्षरही तपासा. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र ठेवून जोडलेलं असतं.

पेजमेकरमध्ये यातलं काही चालणार नाही. त्याला युनिकोड कळतच नाही. कोरल १२, एक्स-३ यांसारख्या जुन्या आवृत्त्यांतही जोडाक्षरं नीट बांधली जात नाहीत. नवी आवृत्ती नसेल तर इंकस्केप फुकट आहे. त्यात शब्द टाइप करा, पाथमध्ये बदला, एसव्हीजी किंवा पीडीएफ करून कोरलमध्ये आणा.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये ‘प्रतिष्ठापना’ लिहिलं की वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि ‘प्र’, ‘ष्ठ’ सुटे पडतात. (छायाचित्रकार, वर्धा)

उत्तर : प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जा. जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’, नव्या आवृत्तीत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असा पर्याय असतो. तो निवडून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. आधीच लिहिलेल्या ओळींवर परिणाम न दिसला तर परिच्छेदाच्या पॅनेलमधूनही तोच कंपोझर (अक्षरं जुळवणारी यंत्रणा) लावा. इनडिझाइनमध्ये परिच्छेद पॅनेलच्या मेन्यूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ मिळेल. ‘प्रतिष्ठापना’ हा शब्द चाचणीसाठी उत्तम आहे, तो नीट बांधला गेला तर बाकीचेही बहुतेक बांधले जातात.

प्रश्न : आमच्या बालनाट्य संस्थेच्या संकेतस्थळावर मथळ्याला ‘मोदक’ लावला. गूगल फॉन्ट्सच्या पानावर दिसतो त्यापेक्षा आमच्याकडे तो जाड आणि बुजलेला दिसतो. फाइल तीच आहे. (वेब डिझायनर, पुणे)

उत्तर : मथळ्याचे टॅग मुळात ठळक असतात आणि घोटाळा तिथेच होतो. एच-वन, एच-टू यांना ब्राउझर स्वतःहून ७०० जाडी लावतो. ‘मोदक’ची एकच जाडी आहे, ४००. मागितलेली जाडी सापडली नाही की ब्राउझर आहे त्याच अक्षराच्या कडा सारवून खोटा ठळकपणा तयार करतो. साध्या फॉन्टात ते थोडं बेंगरूळ दिसतं, इथे फटीच बुजतात. मथळ्याच्या नियमात फॉन्ट-वेट ४०० असं स्पष्ट लिहा. जोडीला फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ करून ठेवा, म्हणजे उद्या मजकुरात कुणी ठळकचा टॅग टाकला तरी अक्षर फुगणार नाही. हाच घोळ वर्डमध्ये कंट्रोल-बी दाबल्यावर होतो.

आणखी दोन खबरदाऱ्या. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. वाढवलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. कमी केलं तर शेजारची अक्षरं एकमेकांवर चढतात. लाइन-हाइट १.३च्या आसपास सुरू करा आणि वरच्या ओळीत उकार, खालच्या ओळीत वेलांटी-रफार येतील अशा शब्दांनी तपासा. ‘गुरुपूर्णिमा’खाली ‘र्कींकीं’ असं काही निरर्थक लिहून पाहिलं तरी चालेल. अर्थ कुणाला हवाय, टक्कर होते का एवढंच बघायचं आहे. फोनवर मथळा ३२ पिक्सेलच्या खाली जात असेल तर छोट्या पडद्यासाठी सरळ दुसरा फॉन्ट नेमा.

प्रश्न : ‘मोदक’ला जाड पांढरी बॉर्डर आणि सावली दिली की अक्षर ओळखू येत नाही. बॉर्डरशिवाय मात्र भडक फोटोवर ते उठत नाही. काय करावं? (मंडळ कार्यकर्ते, कोल्हापूर)

उत्तर : बॉर्डर अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. ४ मिमीची बॉर्डर दिली तर प्रत्येक कडेवरून २ मिमी बाहेर येते. फटीला दोन कडा असतात, म्हणून ४ मिमीची फट पूर्ण भरते. शिवाय आतला अर्धा भाग अक्षराचा रंगही खातो.

हे काम दोन प्रतींत करा. शब्द कर्व्ह करा, सगळी अक्षरं वेल्ड करून एक आकार बनवा, त्याची प्रत घ्या. मागच्या प्रतीला बॉर्डर द्या आणि बॉर्डर व भरण दोन्हीला एकच रंग लावा. पुढच्या प्रतीला काहीही देऊ नका. कोरलमध्ये बॉर्डरच्या खिडकीत ‘बिहाइंड फिल’वर खूण केली तरी जवळपास हेच होतं, पण वेल्ड न करता केलं तर अक्षरांच्या सांध्यांत रेघा दिसतात.

आता एक गोष्ट लक्षात येईल. फटीतून आता मागचा फोटो दिसत नाही, मागच्या प्रतीचा रंग दिसतो. म्हणजे फटीचा रंग तुम्ही निवडलेला आहे. म्हणूनच पिवळ्या अक्षराला पांढरी बॉर्डर देऊ नका, दोन्ही उजळ असल्याने फट हरवते. पिवळ्यामागे गडद तपकिरी किंवा जांभळा घ्या. सगळ्यांना हवीच असलेली पांढरी कड त्याच्याही मागे तिसरी प्रत ठेवून द्या. सावली फक्त या सर्वांत मागच्या प्रतीला. चढता-उतरता ग्रेडियंट, सोनेरी धातूचा परिणाम आणि उठाव हे ‘मोदक’वर मुळीच शोभत नाहीत. ते फटीभोवती खोट्या कडा तयार करतात. सपाट रंगात हे अक्षर सर्वांत गोड दिसतं.

प्रश्न : बाइकवर आणि काचेवर रेडियम कापून लावतो. ‘मोदक’मध्ये नाव कापलं तर अक्षरांच्या सांध्यात चिरा पडतात आणि फटीतला कपटा काढताना अक्षराची कडही उठते. (रेडियम आर्ट, मडगाव)

उत्तर : चिरांचं कारण सोपं आहे. देवनागरी फॉन्टात शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढवलेली असतात. पडद्यावर ती एक दिसतात, प्लॉटरला मात्र प्रत्येकाची कड वेगळी दिसते आणि तो ती कापतो. काना, मात्रा, वेलांटी यांचंही तसंच. कर्व्ह केल्यावर सगळं निवडून वेल्ड करा, मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) पाहा. शब्दाच्या आत शिरोरेषेला छेदणारी एकही उभी रेघ दिसता कामा नये.

कपट्याचं म्हणाल तर, फ्लेक्समध्ये फट म्हणजे न छापलेली जागा, पण व्हिनाइलमध्ये फट हा सोलून काढायचा भाग. १.५ मिमीहून अरुंद पट्टी सोलताना तुटते आणि तिच्याबरोबर शेजारची कड उचलली जाते. दोन मार्ग आहेत. एक, अक्षर मोठं करा. दोन, फट रुंद करा. वेल्ड केलेल्या आकाराला आतल्या बाजूने ०.३ मिमीचा कंटूर द्या (इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथ, उणे ०.३). प्रत्येक फट ०.६ मिमीने रुंद होईल आणि अक्षर थोडं रोडावेल. नजरेला ते जाणवत नाही. वेल्डच्या आधी ऑफसेट केलात तर मात्र अक्षरं सांध्यापाशी सुटतील, क्रम चुकवू नका.

गोलाकार कडांचा एक फायदा तुम्हाला आयता मिळतो. ओढत जाणाऱ्या सुरीला टोकदार कोपऱ्यापेक्षा गोल वळण सोपं जातं. पण फटीच्या टोकाशी वळण फार आवळलेलं असतं. सुरीच्या ऑफसेटचा (सुरीचं टोक तिच्या अक्षापासून किती बाजूला आहे त्याचा) आकडा चुकला तर तिथली रेघ मिटत नाही आणि कपटा टोकाला चिकटून राहतो. बहुतेक सुऱ्यांना हा आकडा ०.२५ मिमी असतो. छोटा गोल कापून त्याची दोन टोकं जुळतात का ते पाहा, वेग निम्मा करा. कपटे काढताना पट्टी वर न ओढता जवळजवळ सपाट, उलट्या दिशेला ओढा.

प्रश्न : टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंगने ‘मोदक’मधला मजकूर छापतो. पहिले पाच-सहा शर्ट नीट येतात, नंतर फटी भरतात. (इचलकरंजी)

उत्तर : स्क्रीनवर फट म्हणजे इमल्शनची (शाई अडवणाऱ्या लेपाची) बारीक पट्टी. ती जाळीच्या धाग्यांना धरून उभी असते. कापडासाठी सर्रास वापरतात त्या ४३-टी जाळीत सेंटिमीटरला ४३ धागे, म्हणजे दर ०.२३ मिमीला एक. ०.५ मिमीची पट्टी जेमतेम दोन धाग्यांवर टेकते. स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पात्याच्या) घासण्याने तिची कड खचते आणि शाई आत शिरते. पट्टी ०.८ ते १ मिमी ठेवा, म्हणजे चार धाग्यांचा आधार मिळेल. अक्षर मोठं करता येत नसेल तर ७७-टी जाळी घ्या. तिथे ०.५ मिमीतच जवळपास चार धागे येतात, पण शाईचा थर पातळ बसतो आणि काळ्या शर्टवर पांढरं फिकं दिसतं.

पहिले शर्ट नीट येतात त्या अर्थी एक्स्पोजिंग (इमल्शनला उजेड देणं) फार कमी पडलेलं नाही. शाई फार पातळ केली आहे का, स्क्रीन आणि कापड यांत २-३ मिमी अंतर आहे का, आणि एकाच शर्टवर स्क्वीजी तीन-चारदा फिरवली जाते का, हे बघा. जाड अक्षर भरून निघावं म्हणून हात जास्त वेळा फिरतो आणि तिथेच फट मरते. दोन ओढी पुरे.

प्रश्न : अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं ‘मोदक’मध्ये रंगवली तर मुलांना आवडतील असं वाटतं. चालेल का? (अंगणवाडी सेविका, नंदुरबार)

उत्तर : आवडतील यात शंका नाही, पण अक्षरओळखीसाठी नको. मूल अक्षर ओळखतं ते रेघांच्या आणि मधल्या मोकळ्या जागेच्या जोरावर. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक मुख्यतः दोनच गोष्टींचा : शिरोरेषा डावीकडे तुटलेली आहे की नाही, आणि तिथे गाठ किंवा वळण आहे की नाही. वाचता येणाऱ्याला तेवढ्या फटीवरून ‘धन’ आणि ‘घन’ वेगळे कळतात, कारण शब्द त्याला आधीच माहीत असतो. चार वर्षांच्या मुलाकडे तो आधार नसतो. शिवाय भिंतीवरचं अक्षर पाहून मूल पाटीवर गिरवणार. ‘मोदक’मध्ये पेन्सिल कुठून कुठे न्यायची हेच दिसत नाही. कारण तिथे रेघ नाही, पिंड आहे.

दुसरा मुद्दा ‘ल’ आणि ‘श’चा. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहावा असं राज्य शासनाने २०२२च्या शासन निर्णयात सांगितलं आहे. देवनागरी फॉन्टांत अनेकदा हिंदी वळणाचे ल-श आधी येतात, मराठी वळण असलंच तर भाषा ‘मराठी’ निवडल्यावर उमटतं. कुठलाही फॉन्ट भिंतीवर चढवण्याआधी ‘शाल’ हा एक शब्द टाइप करून बघा.

तेव्हा मुळाक्षरं सारख्या जाडीच्या, मोकळ्या पोटाच्या साध्या वळणात रंगवा आणि वर ‘आमची अंगणवाडी’ एवढं ‘मोदक’मध्ये घ्या. तिथे तो हवाच. रंगाऱ्याला सांगा, फटी भिंतीच्या रंगाने नंतर काढायच्या नाहीत, आधीच सोडायच्या. नंतर काढलेली रेघ कधीच सारख्या रुंदीची येत नाही.

प्रश्न : बेळगावात खेळण्यांचं दुकान आहे. पाटी कन्नड, मराठी आणि इंग्रजीत एकाच ढंगात हवी. ‘मोदक’मध्ये कन्नड नाही. पुण्यातही शाखा काढतो आहोत. (दुकानदार)

उत्तर : तुम्हाला ‘बलू’ हवा. तोही एक टाइपचाच, गोल आणि जाड, पण पोटं उघडी ठेवलेला. भारतीय लिप्यांचं ते एक अख्खं कुटुंब आहे आणि नावं मोठी गमतीची ठेवली आहेत : गुजरातीला बलू भाई, बंगालीला बलू दा, गुरुमुखीला बलू पाजी, तमिळला बलू तंबी, मल्याळमला बलू चेट्टन, तेलुगूला बलू तम्मुडू, कन्नडला बलू तम्मा. प्रत्येकात रोमन आहेच. ‘बलू २’मध्ये ४०० ते ८०० अशा पाच जाड्या आहेत. पाटीसाठी तिन्ही लिप्यांना ८०० घ्या.

एकच पॉइंट आकार ठेवला म्हणजे उंची सारखी होते असं समजू नका. देवनागरीत मात्रा आणि उकारांसाठी जागा राखावी लागते, म्हणून त्याच पॉइंटात मूळ अक्षर रोमन कॅपिटलपेक्षा लहान भरू शकतं. पुण्याच्या पाटीसाठी हे महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवीच, आणि तिची अक्षरं इतर भाषांच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मोजताना देवनागरीची शिरोरेषा ते तळ आणि इंग्रजी कॅपिटलची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वेलांटीची टोकं धरू नका. कर्नाटकातले नियम वेगळे आहेत आणि तिथे कन्नडला प्राधान्य द्यावं लागतं. तेव्हा दोन्ही शहरांना एकच पाटी चालणार नाही, मांडणी दोनदा करा.

प्रश्न : फुकट फॉन्ट वापरून छापलेला माल विकला तर पुढे कुणी पैसे मागेल का? (खाद्यपदार्थ उद्योजिका, रत्नागिरी)

उत्तर : नाही. ‘मोदक’, ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे तिन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेले आहेत. पाकीट, पाटी, लोगो, कपडे सगळ्याला वापरता येतात आणि नाव छापायची अट नाही. फॉन्टची फाइल तेवढी एकटी विकता येत नाही. लोगोबाबत एक सावधगिरी : उद्या शेजारचा मसालेवालाही हाच फॉन्ट घेईल. निदान एका अक्षरात स्वतःचा बदल करून घ्या.

प्रश्न : दारात रोज ‘शुभ दीपावली’ काढायला ‘मोदक’ अक्षराचा रांगोळीचा साचा करायचा आहे. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : साच्यात सगळं उलटं होतं. अक्षर म्हणजे भोक आणि फट म्हणजे प्लास्टिकची उरलेली जीभ. ती लांब आणि बारीक असेल तर लवते आणि रांगोळी खालून शिरते. ज्या अक्षरांची पोटं चारी बाजूंनी बंद आहेत (‘व’, ‘प’, ‘भ’ची गाठ) तिथे आतला तुकडा गळूनच पडेल. त्याला ५ मिमी रुंदीचे दोन पूल ठेवा, शक्यतो समोरासमोर. अक्षर २५ सेंटिमीटरपेक्षा लहान घेऊ नका आणि वेल्ड केल्यावर आतल्या बाजूने ऑफसेट देत सगळ्या फटी निदान ४ मिमी करा. १ मिमी जाडीची पॉलीप्रॉपिलीनची शीट लेझरने कापून मिळते. पुठ्ठा दोन दिवसांत दमट होऊन वाकतो. ‘शुभ’ आणि ‘दीपावली’ असे दोन वेगळे साचे करा, एकाच लांब पट्टीला उचलताना मधे झोल येतो. रांगोळी चाळणीतून सोडा, चिमटीने नको. साचा सरळ वर उचला, बाजूला सरकवलात की पहिली जीभच रांगोळी ओढून नेते.